चेक कुठे अडला, गुपित कुठून फुटलं: बँकेला कायद्याने जाब कसा विचारायचा

२०२२ सालची गोष्ट. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे एक दुकानदार सकाळी साडेआठलाच माझ्या दारात उभे. हातात स्टेटमेंटची घडी. "साहेब, हा अठ्ठेचाळीस हजारांचा चेक मी काढलेलाच नाही. मॅनेजर म्हणतात, चेकबुक तुमच्याच ताब्यात होतं, आम्ही काय करणार?"

मी बँकेतून निवृत्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काउंटरच्या त्या बाजूला तीस वर्षं काढल्यावर एवढं नक्की कळतं, की "आम्ही काय करणार" हे ऐकून निम्मे ग्राहक मुकाट घरी जातात. या दुकानदारांना मी जाऊ दिलं नाही. पुढे काय झालं ते येईलच. पण त्यांच्या निमित्ताने जे कागद तयार केले आणि जी कलमं काढून दाखवली, ती सगळ्यांच्याच उपयोगाची आहेत, म्हणून हा लेख.

आधी ठरवा: भांडण कोणत्या बँकेशी?

चेकच्या तक्रारी फसतात त्या बहुतेक वेळा इथेच. एका चेकला दोन बँका असतात. एक, ज्याने चेक दिला त्याची. पैसे तिच्याकडून जातात. दुसरी, ज्याने चेक भरला त्याची. ती पैसे वसूल करून आणते. दोघींची कर्तव्यं वेगळी आणि ती वेगवेगळ्या माणसांशी बांधलेली.

तुम्ही खात्यात ठेवलेले पैसे बँक तुमच्यासाठी तिजोरीत वेगळे बांधून ठेवत नाही. ते तिचे होतात आणि ती तुमची देणेकरी होते. चेक म्हणजे त्या देणेकऱ्याला तुम्ही दिलेला लेखी हुकूम: एवढे पैसे अमक्याला दे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम ३१ सांगतं, की खात्यात त्या चेकसाठी वापरता येण्याजोगी पुरेशी रक्कम असेल आणि चेक रीतसर पुढे आला, तर बँकेने तो वटवलाच पाहिजे. नाही वटवला तर झालेलं नुकसान भरून द्यायचं.

कोणाला भरून द्यायचं? चेक काढणाऱ्याला. ज्याच्या नावाने चेक आहे त्याला नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने तुम्हाला दिलेला चेक त्याच्या बँकेने चुकून परत पाठवला, तर तुम्ही त्या बँकेच्या दारात जाऊन कलम ३१ दाखवू शकत नाही. तुमचा हिशेब गिऱ्हाइकाशी, आणि गिऱ्हाइकाचा त्याच्या बँकेशी. मात्र तुमच्या स्वतःच्या बँकेने चेक वेळेत पाठवला नाही, हरवला किंवा परत आलेला चेक दाबून ठेवला, तर तिला तुम्ही थेट धरू शकता.

चेक भरताना: पोच हाच तुमचा पुरावा

प्रत्येक शाखेत चेक टाकायची पेटी असते. काउंटरवर गेलं की "पेटीत टाका" हे ठरलेलं उत्तर. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की पेटी ठेवा, पण काउंटरवर चेक देऊन पोच मागणाऱ्याला नकार देऊ नका. आणि हे पेटीवरच लिहून ठेवा. मी नोकरीत असताना ती पाटी आमच्याही पेटीवर होती, कॅलेंडरच्या मागे. मोठ्या रकमेचा चेक असेल तर पेटीकडे वळूच नका. स्लिपच्या तुमच्याकडच्या भागावर तारखेचा शिक्का आणि सही घ्या, आणि भरण्याआधी चेकच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा.

चेक हरवला तर काय? क्लिअरिंगच्या (बँका-बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीच्या) वाटेत किंवा बँकेच्या ताब्यात असताना चेक गहाळ झाला, तर ते तुम्हाला लगेच कळवणं, दुसरा चेक मिळवायचा खर्च आणि त्यापायी झालेल्या विलंबाचं व्याज देणं ही तुमच्या बँकेची जबाबदारी. ती नाकारताना बँका हमखास एक वाक्य वापरतात: "तुम्ही आमच्याकडे चेक दिल्याचा काही पुरावा आहे का?" म्हणून पोच.

४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंगचा वेगही बदलला आहे. पूर्वी दिवसाचे चेक गठ्ठ्याने जायचे. आता ठरलेल्या वेळात दिवसभर चेक स्कॅन होईल तसतशी त्याची प्रतिमा पुढे जाते, आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवावं लागतं. कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. पैसे घेणाऱ्याला हे सोयीचं. चेक देणाऱ्याने मात्र "आज दिलाय, वटायला दोन दिवस लागतील, तोवर भरणा करू" हा जुना हिशेब विसरावा.

चेक परत आला तर: आधी मेमो वाचा

परत आलेल्या चेकसोबत बँकेची एक चिठ्ठी येते, रिटर्न मेमो. त्यावर कारण लिहिलेलं असतं आणि पुढचं सगळं त्या कारणावर ठरतं.

खात्यात रक्कम नाही म्हणून चेक परत आला असेल, तर लोक ज्याला "एकशे अडतीसची केस" म्हणतात ती वाट, म्हणजे त्याच १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खालची फौजदारी तक्रार, खुली होते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते. आरोपीच्या गावाला हेलपाटे नकोत. बँकेचा मेमो न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणून त्यावर शिक्का आणि तारीख हवीच. परत आलेला चेक २४ तासांत ग्राहकाकडे गेला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. एखाद्या शाखेने तो दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवला, तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का किंवा तुम्हाला आलेला एसएमएस जपून ठेवा. तुमच्या ३० दिवसांचं गणित त्यावर आहे.

पण कारण तांत्रिक असेल, प्रतिमा अस्पष्ट वगैरे, आणि त्यात तुमचा दोष नसेल, तर बँकेने तुम्हाला न विचारता चेक पुढच्या क्लिअरिंगला २४ तासांच्या आत पुन्हा लावायचा असतो आणि तसं एसएमएसने कळवायचं असतं. चेक परतीचं शुल्कही ग्राहकाची चूक असेल तेव्हाच लावता येतं. पासबुकात "चेक रिटर्न चार्जेस" दिसले की मेमोवरचं कारण पडताळा. या एका गोष्टीत मी कित्येकांचे पैसे परत मिळालेले पाहिले आहेत. रक्कम लहान असते, म्हणून कोणी विचारत नाही, एवढंच.

आता उलटी बाजू. तुमच्या खात्यात पैसे होते आणि तरी तुमचा चेक तुमच्या बँकेने परत पाठवला. इथे कलम ३१ पूर्ण ताकदीने लागतं. व्यापाऱ्याचा चेक असा परत गेला तर बाजारातली पत जाते, आणि त्या नुकसानीचा वेगळा हिशेब न मांडताही भरपाई मिळू शकते, असं न्यायालयं मानत आली आहेत. पगारदाराला किंवा शेतकऱ्याला मात्र नेमकं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं: हप्ता चुकला, दंड बसला, बियाणांची ऑर्डर रद्द झाली. तेव्हा त्याच दिवशी समोरच्या माणसाकडून "तुमचा चेक परत आल्यामुळे अमुक झालं" असं दोन ओळींत लिहून घ्या. सहा महिन्यांनी कोणी लिहून देत नाही.

काही वेळा चेक न वटवणं हेच बँकेचं कर्तव्य असतं. तारखेपासून ३ महिने उलटले (ही मुदत १ एप्रिल २०१२ पासून आहे, आधी ६ महिने होती), पुढची तारीख आहे, खातेदार वारल्याचं कळलं, न्यायालयाने खात्यावर जप्ती आणली किंवा तुम्ही स्वतः पेमेंट थांबवलं. पुढची तारीख असलेला चेक बँकेने आधीच वटवला आणि त्यामुळे तुमचा दुसरा चेक परत गेला, तर दोष बँकेचा.

पेमेंट थांबवायचं असेल तर

थांबवण्याचा हुकूम बँकेला मिळाला की चेक वटवण्याचा तिचा अधिकार संपला. त्यानंतर पैसे गेले तर ती रक्कम तुमच्या खात्याला टाकता येत नाही. वाद होतो तो "मिळाला कधी" यावर. ॲपवरून थांबवला असेल तर स्क्रीनशॉट काढा. शाखेत अर्ज देत असाल तर एवढं पुरे:

"माझ्या खाते क्र. ____ वरील चेक क्र. ____, दिनांक ____, रक्कम रु. ____, ____ यांच्या नावे, याचे पेमेंट कृपया थांबवावे. कारण: ____. हा अर्ज आज दिनांक ____ रोजी सकाळी/दुपारी ____ वाजता शाखेत दिला आहे."

ती वेळेची ओळ उगाच घातलेली नाही. चेक दिवसभर पुढे सरकत असताना बाराला दिलेला अर्ज आणि चारला दिलेला अर्ज यात तुमचे पैसे जाण्या-राहण्याचा फरक आहे. पोचेच्या प्रतीवर बाबूकडून वेळ लिहून घ्या. चेक क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी संगणक चेक सोडून देतो, तेव्हा चेकबुकाच्या अर्धुकावरून क्रमांक दोनदा पाहा.

आणि एक गैरसमज. देणं खरं असताना चेक थांबवला म्हणून एकशे अडतीस टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

खोटी सही, खाडाखोड: इथे बँकेची खरी परीक्षा

आता आमच्या दुकानदारांकडे येऊ. मॅनेजरचं म्हणणं होतं, चेकबुक नीट ठेवायची जबाबदारी तुमची. बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. खोट्या सहीचा चेक हा कायद्याच्या नजरेत चेकच नाही, कारण हुकूमच दिलेला नाही. हुकूम नसताना दिलेले पैसे बँकेने स्वतःच्या खिशातले दिले, तुमच्या खात्यातले नाहीत.

१९८७ चा कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्यावर उभा आहे. मंगळूरच्या त्या कंपनीचं चेकबुक हिशेबनीसाच्या ताब्यात असायचं. त्याने काही वर्षांत ४२ चेकांवर खोट्या सह्या करून ३ लाख २६ हजारांवर रक्कम उचलली. बँक म्हणाली, एवढी वर्षं तुम्ही पासबुक पाहिलं नाहीत, ऑडिट झालं तरी कळलं नाही, आता तक्रार कसली? न्यायालयाने बँकेलाच पैसे भरायला लावले. ग्राहकाचा नुसता निष्काळजीपणा बँकेला वाचवत नाही. ग्राहकाला खोट्या सहीची माहिती होती आणि तो गप्प बसला, असं बँकेने दाखवायला हवं. दोन सह्यांचं खातं असेल आणि एकच सही खोटी असेल, तरी हेच लागू होतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सचिवांनी आणि खजिनदारांनी हे लक्षात ठेवावं.

खाडाखोडीचं मात्र वेगळं. सही तुमची, पण कोणी रक्कम बदलली. हा बदल साध्या नजरेला दिसत नसेल आणि बँकेने सद्भावनेने, निष्काळजीपणा न करता पैसे दिले असतील, तर त्याच १८८१ च्या कायद्याचं कलम ८९ तिला संरक्षण देतं. तुम्ही आकड्यापुढे जागा सोडलीत, अक्षरी रकमेनंतर रेघ मारली नाहीत, तर वाद कठीण होतो. सध्याच्या चेक ट्रंकेशन पद्धतीत (सीटीएस, म्हणजे कागदाऐवजी चेकची प्रतिमा पाठवायची पद्धत) तारीख सोडून दुसरी दुरुस्ती सही करूनही चालत नाही. चूक झाली की चेक फाडा, नवा लिहा.

बँकेने काळजी घेतली की नाही हे कशावरून ठरवायचं? चेक अतिनील दिव्याखाली धरला की साध्या उजेडात न दिसणारं बँकेचं बोधचिन्ह त्यावर उजळतं. कागद उजेडासमोर धरला तर 'सीटीएस इंडिया' हे जलचिन्ह दिसतं. रंगीत झेरॉक्स काढली तर पार्श्वभूमीत लपवलेला 'व्हॉइड' शब्द वर येतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये बँकांना सांगितलं, की साधारण २ लाखांवरचे चेक या दिव्याखाली तपासा, चेक क्लिअरिंगला आला की खातेदाराला एसएमएस पाठवा, आणि चेक संशयास्पद किंवा मोठ्या रकमेचा असेल तर फोन करून खात्री करा. तक्रारीत नेमकं हेच विचारायचं: दिव्याखाली पाहिला होता का? एसएमएस किती वाजता पाठवला? फोन केल्याची नोंद कुठे आहे?

पण तुमच्या बँकेकडे मूळ चेक येतच नाही, येते ती फक्त प्रतिमा. प्रतिमेत अतिनील शाई दिसत नाही. म्हणजे दिव्याची तपासणी जिथे चेक भरला त्या बँकेत व्हायला हवी. मूळ कागदही तिनेच १० वर्षं जपून ठेवायचा असतो. तुमच्या बँकेला वाजवी शंका आली तर तिला तो मूळ चेक मागवण्याचा अधिकार कायद्याने आहे. हस्ताक्षरतज्ज्ञाला झेरॉक्स देऊन उपयोग नाही. पोलिसांना मूळ चेक त्या दुसऱ्या बँकेतून जप्त करावा लागतो. आमच्या दुकानदारांना ठाण्यात "चेक घेऊन या" असं सांगितलं होतं आणि त्यांची बँक "आमच्याकडे नाही" म्हणत होती. दोघेही खरं बोलत होते आणि दुकानदार मधल्या मध्ये फिरत होते.

त्या दुसऱ्या बँकेवरही जबाबदारी आहे. रेखांकित (दोन तिरक्या रेघा मारलेला) चेक सद्भावनेने, निष्काळजीपणा न करता वसूल केला तर कलम १३१ तिला वाचवतं. पण खातं उघडताना ओळखपत्रं धड पाहिली नसतील किंवा चेकवरचं नाव एक आणि खात्याचं नाव दुसरं असेल, तर ते संरक्षण जातं. 'अकाउंट पेयी' लिहिलेला चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एक अपवाद आपल्याकडे रोजचा: पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा ५० हजारांपर्यंतचा असा चेक पतसंस्थेच्या बँक खात्यातून वसूल होऊ शकतो.

५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आहे. चेक दिल्यावर त्याचा क्रमांक, तारीख, नाव, रक्कम ॲपवर टाकायची. बँक ते चेकशी ताडून पाहते. वापरायचं की नाही हे तुमच्यावर, पण ५ लाखांपासून पुढे बँक ते सक्तीचं करू शकते. भुरट्या चोरालाही हा नियम माहीत असतो, असं मला वाटतं. नाहीतर आमच्या दुकानदारांचा चेक नेमका अठ्ठेचाळीस हजारांचा का निघाला असता?

शाखेतून आम्ही प्रतिमेची प्रिंट मागून घेतली, दोन्ही बाजूंची. दुकानदार मराठीत सही करतात आणि खाली एक रेघ ओढतात, पहिल्या अक्षरापासून आडनावाच्या शेवटापर्यंत, जराशी वर चढत जाणारी. चेकवरची रेघ निम्म्यातच थांबलेली आणि सपाट होती. नमुना सहीशेजारी ठेवून पाहिली तर दहा सेकंदांत दिसेल एवढा फरक.

चेकच्या मागे दुसऱ्या बँकेचा शिक्का आणि अर्धवट पुसलेला खाते क्रमांक होता. दुकानदार म्हणाले, "हे खातं कोणाचं तेवढं सांगा, बाकी मी बघतो." मॅनेजरनी नकार दिला. दुकानदार चिडले. पण इथे मॅनेजर शंभर टक्के बरोबर होते.

गुपिताचे चार दरवाजे

बँकेने गुप्तता पाळायची म्हणजे फक्त शिल्लक कोणाला सांगायची नाही, एवढंच नव्हे. तुमचा चेक कोणाला गेला, कोणत्या दवाखान्याला, कोणत्या वकिलाला, कोणत्या जुगाराच्या अड्ड्याला, हे सगळं बँकेला दिसतं. या विषयातला सगळ्यात जुना दाखला अशाच एका चेकचा आहे. १९२४ मधला इंग्लंडचा टूर्नियर खटला. टूर्नियरच्या खात्यावर साडेनऊ पौंडांच्या आसपास ओव्हरड्राफ्ट (शिलकीपेक्षा जास्त उचललेली रक्कम) थकला होता, आठवड्याला एक पौंड फेडायचं ठरलं आणि त्याने ते मोडलं. मॅनेजरला दिसलं, की त्याला मिळालेला एक चेक त्याने मागे सही करून एका बेटिंगवाल्याला दिला आहे. पत्ता विचारायला म्हणून मॅनेजरने त्याच्या मालकाला फोन लावला आणि बोलता बोलता हेही सांगून टाकलं. टूर्नियरची नोकरी गेली. अपील न्यायालयाने सांगितलं, की गुप्तता हा बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे, आणि ती मोडायला चारच दरवाजे आहेत: कायद्याची सक्ती, जनहित, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. आपली न्यायालयंही याच चौकटीत विचार करतात.

आपल्याकडे सरकारी बँकांना हे बंधन थेट कायद्यातच घातलं आहे: स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यात कलम ४४ आणि राष्ट्रीयीकृत बँकांसाठी १९७० च्या कायद्यात कलम १३. खासगी आणि सहकारी बँकांना करार आणि रिझर्व्ह बँकेचे नियम बांधतात. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या जिल्हा निबंधकांच्या प्रकरणात सांगितलं, की कागद बँकेकडे सोपवला म्हणून त्यावरचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत. त्यातली मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतील.

आता काउंटरवर रोज काय घडतं ते पाहा. "साहेब, आमच्या दादाच्या खात्यात किती पडल्यात तेवढं सांगा की, वाटणी चाललीय." उत्तर: नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. "मिस्टरांचं स्टेटमेंट द्या, पोटगीची केस आहे." नाही, पण न्यायालयाला अर्ज करून स्टेटमेंट मागवता येतं. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे बँक ज्या खटल्यात पक्षकार नाही, तिथे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तिच्या अधिकाऱ्याला वह्या सादर करायला लावता येत नाही. आदेश असला की द्याव्याच लागतात. पोलीस फोन करून विचारतात तेव्हाही लेखी पत्र मागणं हा उद्धटपणा नाही, ते बँकेचं काम आहे. कंपनीचा एचआर विचारतो, सोसायटीचा अध्यक्ष विचारतो, नगरसेवकाचा माणूस विचारतो: नाही, नाही, नाही. संयुक्त खात्याच्या दुसऱ्या खातेदाराला मात्र सांगावंच लागतं. ते त्याचंही खातं आहे.

कायद्याच्या दरवाजातून माहिती जाते तेव्हा ग्राहकाला ते कळलंच पाहिजे असं नाही. १० लाखांवरचे रोखीचे व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार यांची माहिती बँक वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देते. संशयास्पद व्यवहार कळवला हे ग्राहकाच्या कानावर घालायलाच तिला मनाई आहे. त्यावरून कर्मचाऱ्याशी भांडू नका.

बँकेचं स्वतःचं हित हा दरवाजा कर्जवसुलीत ताणला जातो. वसुली एजंटला तुमची थकबाकी सांगता येते. तुमच्या शेजाऱ्याला, सासऱ्याला किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाही. एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनही करायचा नाही. आणि खातं उघडताना घेतलेली माहिती विम्याच्या विक्रीसाठी संमतीशिवाय देणं रिझर्व्ह बँकेला मान्य नाही. अर्जातल्या त्या बारीक अक्षरातल्या चौकटीवर टिक करण्याआधी वाचा. संमती घेतात ती तिथेच.

माहिती फुटल्याची शंका आली तर त्याच दिवशी चार गोष्टी वहीत टिपा: कोण, कोणाला, काय, कधी बोललं. मग शाखेला लेखी कळवा, की अमुक तारखांदरम्यान माझं खातं कोणकोणत्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून उघडलं गेलं त्या नोंदी आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. बँक त्या नोंदी तुमच्या हातात देईलच असं नाही. पण कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या शाखांच्या एकत्रित संगणक यंत्रणेत, प्रत्येक लॉगिनचा माग राहतो हे बँकेलाही ठाऊक असतं, आणि "जपून ठेवा" असं लेखी आल्यावर तो पुसला गेला तर उत्तर तिला द्यावं लागतं.

तक्रारीची पायरी

पहिला अर्ज शाखेत, पोच घेऊन. त्यात राग कमी आणि तारखा जास्त. तीन परिच्छेद पुरतात: काय घडलं, बँकेने काय करायला हवं होतं, मला काय हवं. शेवटच्या परिच्छेदात रकमेसोबत व्याजही मागा आणि "ज्या तारखेला पैसे गेले त्या तारखेपासून" हे शब्द घाला. अर्जाची प्रत बँकेच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला ईमेल करा. पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. बँकेचा दोष असेल तर तिने ग्राहकाशी वाद न घालता भरपाई द्यायची, आणि दोष बँकेचाही नाही ग्राहकाचाही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी आहे, तरीही बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे ठरावीक मर्यादेपर्यंत द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ते भरपाई धोरण आणि चेक वसुलीचं धोरण संकेतस्थळावर शोधा, छापा, आणि संबंधित परिच्छेद अधोरेखित करून अर्जाला जोडा. शाखेत अनेकांनी ते कधी वाचलेलं नसतं.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर मोफत नोंदवता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार स्वतः करा. वकिलामार्फत केलेली तिथे घेत नाहीत. तोच वाद आधी न्यायालयात नेला असेल तरी लोकपाल हात घालत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका. नाहीतर ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत. व्यापारी चालू खात्याच्या बाबतीत "व्यावसायिक हेतू"चा आक्षेप तिथे येतो, त्याची तयारी ठेवा.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिची तक्रार लोकपालाकडे चालत नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचं.

दुकानदारांनी दोन्ही बाजूंच्या प्रतिमा, नमुना सहीची तुलना आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडून नोडल अधिकाऱ्याला लिहिलं. ते खातं कोणाचं हे पोलिसांनी लेखी पत्र देऊन दुसऱ्या बँकेकडून काढलं. दुकानातच हिशेब लिहिणाऱ्या मुलाच्या मेव्हण्याचं निघालं. बाविसाव्या दिवशी अठ्ठेचाळीस हजार परत जमा झाले. दुकानदार पेढे घेऊन आले. मी आधी पासबुक मागितलं. नोंद जमा झाल्या दिवसाची होती, मधल्या अडीच महिन्यांचं व्याज नव्हतं. त्यांचं चालू खातं, त्यावर व्याज मिळत नाही, म्हणून ते म्हणाले, "जाऊ द्या." पण त्या अडीच महिन्यांत त्यांच्या कॅश क्रेडिट (धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या) खात्यावर मात्र व्याज चढत होतं, कारण हेच पैसे तिकडे भरायचे होते. पेढा तोंडात टाकून आम्ही दुसरा अर्ज लिहायला बसलो.